शिबिर, तालीम, अकादमी : तिथे झालेल्या अत्याचाराची भरपाई कोण देणार?

बाललैंगिक अत्याचारांच्या खटल्यांविषयी मागे लिहिलं, त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं संस्थांबद्दल आहेत. तालीम, क्रीडा अकादमी, उन्हाळी शिबिर, स्काऊट. आईवडिलांनी विश्वासाने मूल जिथे सोडलं, त्या जागा. जवळजवळ प्रत्येक पत्रात पैशाचा प्रश्न शेवटी, संकोचाने विचारला आहे. तो संकोच मला खटकतो, म्हणून या वेळी भरपाईबद्दलच लिहिते. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी कोल्हापूरकडचा, वय ४६. अकराव्या वर्षी घरच्यांनी तालमीत ठेवलं. वस्ताद रात्री अंग दाबायला बोलवायचे आणि त्या नावाखाली दोन वर्षं माझ्यावर अत्याचार झाला. आज ते सत्तरीत आहेत, मैदानात फेटा बांधून सत्कार घेतात. आता तक्रार करता येते का? भरपाई मिळेल का?

तक्रार करता येते का, हे तेव्हा नेमकं काय घडलं यावर ठरतं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा खास कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला. त्याआधीच्या घटनांना तो लागत नाही, त्यांना त्या काळचा कायदा लागतो. तुमच्या लहानपणी मुलग्यावरच्या अत्याचारासाठी हाताशी होतं ते मुख्यतः भारतीय दंड विधानाचं ३७७ कलम. त्याची शिक्षा मोठी असल्याने तक्रारीला मुदतीचं बंधन नाही, पस्तीस वर्षांनीही गुन्हा नोंदवता येतो. मात्र त्या कलमात प्रत्यक्ष संभोगाचं कृत्य लागतं. नुसते स्पर्श, चाळे असतील तर विनयभंगाचं कलम फक्त स्त्रियांसाठी होतं. म्हणजे त्या काळात मुलग्यांना या देशात जवळजवळ कायदाच नव्हता. हे लिहिताना मला संताप येतो. पण तुम्हाला खोटी आशा दाखवून कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार नाही.

भरपाईचा रस्ता त्याहून अरुंद आहे. लहानपणी झालेल्या इजेसाठी दिवाणी दावा लावायचा तर सज्ञान झाल्यापासून जास्तीत जास्त ३ वर्षं मिळतात, म्हणजे एकविसाव्या वर्षी दार बंद. ज्या वयात माणूस घडलेल्या गोष्टीचं नावसुद्धा उच्चारू शकत नाही, त्या वयात कायदा त्याला हिशेब मांडायला सांगतो. अत्याचारपीडितांना पैशाची मदत देणारी महाराष्ट्राची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ची आहे, ती इतक्या जुन्या घटनांसाठी आखलेली नाही. ही मुदत बदलायलाच हवी. न्यूयॉर्क राज्याने २०१९मध्ये ती बदलली. पीडिताला ५५व्या वर्षापर्यंत दावा करण्याची मुभा दिली आणि मुदत उलटलेल्या जुन्या दाव्यांसाठी दार काही काळ पुन्हा उघडलं. आपल्याकडे असा विचार विधिमंडळात कुणी मांडताना दिसत नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मी पुन्हा वाचली : “अजूनही पोरं तिथं राहायला असतात.” इथे कायदा आज लागू होतो. पोक्सोच्या १९व्या कलमाप्रमाणे गुन्हा घडण्याची धास्ती असेल तरीही पोलिसांना कळवायचं असतं. तुमचा स्वतःचा खटला उभा राहो न राहो, हे लेखी कळवा. एकट्याने ठाण्यात जाऊ नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आधी तिथल्या वकिलाशी बोला.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. क्रिकेट अकादमीच्या कोचवर आम्ही गुन्हा नोंदवला, तो अटकेत आहे. मुलाची झोप उडाली आहे, शाळेत जात नाही. समुपदेशनाचा खर्च झेपत नाही. ठाण्यात म्हणाले, पैसे निकालानंतर मिळतात आणि मनोधैर्य मुलींसाठीच असते. खरं आहे का? — एक आई, नाशिक

ताई, दोन्ही चुकीचं आहे.

एफआयआर नोंदल्यानंतर केव्हाही विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. पोक्सो नियम २०२०, नियम ९. त्यासाठी मुलाच्या वतीने अर्ज करता येतो आणि न्यायालय स्वतःहूनही आदेश देऊ शकतं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यायची असते. एवढंच नाही, आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरी मुलाचं नुकसान झालं आहे असं न्यायालयाला वाटलं तर भरपाई देता येते. कोच दोषी ठरतो का हा एक प्रश्न, तुमच्या मुलाची झोप उडाली हा दुसरा. नियमांनी ते वेगळे ठेवले आहेत आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

त्याच्याही आधी नियम ८ आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती शिफारस करू शकते आणि शिफारशीनंतर आठवड्याभरात पैसे मिळायला हवेत. पोलिसांनी २४ तासांच्या आत तुमच्या मुलाची माहिती बालकल्याण समितीला द्यायची असते. दिली का, ते विचारा. समितीकडे सपोर्ट पर्सन मागा. पोलीस, दवाखाना, कोर्ट या सगळ्यात सोबत करणारी ही व्यक्ती तुमचा हक्क आहे.

मनोधैर्य योजनेत ‘बालक’ म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. २०१७च्या सुधारणेनंतर तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची भरपाई योजना पोक्सो न्यायालयांना मार्गदर्शक म्हणून लावताना मुलगा-मुलगी भेद न करण्याचं बजावलं.

आता अर्जाविषयी. माझा अनुभव असा, की “मुलाला मानसिक त्रास झाला” असं एका वाक्यात लिहिलेला अर्ज पडून राहतो. नियम ९ मध्ये न्यायालयाने काय बघायचं ते दिलं आहे : अत्याचार किती गंभीर, एकदा की वारंवार, आरोपीचं मुलाशी नातं काय, औषधोपचारावरचा खर्च, बुडालेली शाळा, घरची परिस्थिती. या प्रत्येक गोष्टीखाली तुमच्या घरातला तपशील लिहा. शाळेची हजेरी किती पडली, त्याचा दाखला जोडा. समुपदेशकाच्या पावत्या जोडा. तुम्ही कामावरून किती दिवस सुट्टी घेतलीत ते लिहा. अकादमीची फी भरल्याची पावतीही ठेवा, मूल संस्थेच्या ताब्यात होतं हे ती सांगते. आणि पैसे येईपर्यंत उपचार थांबवू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात खर्च नाही. तिथला डॉक्टर पटला नाही तर दुसरा बघा, पण मुलाचे हे महिने निकालाची वाट बघण्यात जाऊ देऊ नका.

प्रश्न : मी सुट्टीतल्या शिबिरांत स्वयंसेविका आहे. एका मुलीने मला एका प्रशिक्षकाबद्दल सांगितलं. प्रमुखांच्या कानावर घातलं तर म्हणाले, “आपण आत चौकशी करू, बाहेर गेलं तर संस्थेची बदनामी.” मी काय करू?

आजच्या आज पोलिसांना कळवा. ११२ किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा आणि लेखीही द्या. कळवणं तुमच्या इच्छेवर सोडलेलं नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत कैद आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, तेही कायद्यातच लिहिलं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचं प्रकरण तुमच्या प्रमुखांना सांगा. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा नोंदला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. मुलांवरचा अत्याचार माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा ती आरोपींना पाठीशी घालण्याची धडपड असते, असं न्यायालयाने म्हटलं. बदलापूरच्या शाळेत २०२४मध्ये लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यातही व्यवस्थापनातल्या लोकांवर न कळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला.

प्रश्न : संस्थेचे विश्वस्त घरी आले. तीन लाख देतो, मुलीचं शिक्षण बघतो, फक्त या कागदावर सही करा म्हणाले. कागदात लिहिलंय की आमची काही तक्रार नाही. आम्ही गरीब माणसं. सही करावी का?

करू नका. पोक्सोचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. शिक्षकाने विद्यार्थिनीशी केलेल्या गैरवर्तनाचा खटला पालकांशी झालेल्या तडजोडीवरून रद्द झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये पुन्हा चालू करायला लावला. आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पैसे देणं जसा गुन्हा आहे, तसा घेणंही. उद्या विश्वस्त नामानिराळे राहतील आणि तुमच्या सहीचा कागद तुमच्यावरच उलटेल.

पैशाची गरज खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. अंतरिम भरपाई कशी मागायची ते वर नाशिकच्या ताईंना लिहिलं आहे, तेच तुम्ही करा. शिवाय मुलगी सज्ञान झाल्यावर २१ वर्षांची होईपर्यंत संस्थेविरुद्ध दिवाणी दाव्याचा हक्क शिल्लक राहतो. “तक्रार नाही” हा कागद त्या हक्काच्याही आड येऊ शकतो.

इथे आपल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला अन्यायाची वाटते. आपल्याकडची भरपाई बहुतेक वेळा सरकारी निधीतून येते. ज्या संस्थेने डोळेझाक केली, तिच्या खिशाला चाट बसत नाही. कुलाब्याच्या अँकरेज आश्रमाचा खटला ठळक अपवाद. मुलांवर अत्याचार करणाऱ्या दोघा ब्रिटिश चालकांना २००६मध्ये कैद झाली आणि प्रत्येकी २० हजार पौंडांचा दंड, तोही पीडित मुलांसाठी. उच्च न्यायालयात ते सुटले, सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये शिक्षा कायम केली. तक्रार २००१ची. तोवर ती मुलं मुलं राहिली नव्हती.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, अमेरिकेतच वाढलो. स्काऊटमध्ये असताना लीडरने अत्याचार केला. २०२०मध्ये मुदतीत दावा भरला. इतक्या वर्षांनी हाती आलेली पहिली रक्कम पाहून रडू आलं. माझ्या बालपणाची ही किंमत? मला खरं तर कुणीतरी समोर बसून “चुकलो” म्हणायला हवं होतं.

तुमचं दुःख मला कळतं, म्हणून आधी तो आकडा कुठून आला ते सांगते. बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकाने फेब्रुवारी २०२०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दाव्यांची मुदत १६ नोव्हेंबर २०२०ला संपली तेव्हा ८२ हजारांहून जास्त लोकांनी दावे भरले होते. त्यांच्या भरपाईसाठी उभारलेला निधी २.४६ अब्ज डॉलरचा. सरळ भागाकार केला तर दाव्यामागे सुमारे ३० हजार डॉलर येतात. अत्याचाराच्या प्रकारानुसार केलेल्या तक्त्याप्रमाणे रक्कम ३,५०० डॉलरपासून २७ लाख डॉलरपर्यंत ठरते. पण ठरलेली रक्कम आणि हातात पडणारी यांत मोठं अंतर आहे. सुरुवातीला ठरलेल्या रकमेच्या दीड टक्काच द्यायचं ठरलं, कारण पुढच्यांसाठी पैसे उरायला हवेत. पुढे मालमत्ता विकून आणि विमा कंपन्यांकडून पैसे येतील तसे हप्ते वाढायचे असतात. संस्थेने अमेरिकी चित्रकार नॉर्मन रॉकवेलची चित्रंसुद्धा निधीत दिली आहेत, हसऱ्या, कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या स्काऊट मुलांची. त्याशिवाय ज्या राज्यात मुदतीचा कायदा कडक, तिथल्या दाव्याला कात्री लागते. दोन मुलांवर सारखाच अत्याचार झाला, तरी घर कोणत्या राज्यात होतं यावर रक्कम बदलते.

तेव्हा तो आकडा निधी, दावेदार आणि राज्यांचे कायदे यांचा हिशेब आहे. तुमचं काय गेलं ते मोजायला तो बनलेलाच नाही. तुमची रक्कम ठरवल्याच्या पत्रात चूक दिसत असेल तर फेरविचार मागण्याच्या मुदती वकिलाकडून आजच समजून घ्या. आराखडा मे २०२५मध्ये अपिलातही टिकला, त्यामुळे तो मोडून नवा होईल या आशेवर थांबू नका.

समोर बसून “चुकलो” म्हणण्याची सोय ऑस्ट्रेलियाने केली. तिथल्या राष्ट्रीय योजनेत २०१८पासून तीन गोष्टी एकत्र आहेत : दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत रक्कम, समुपदेशन, आणि पीडिताची इच्छा असेल तर संस्थेतल्या वरिष्ठ माणसाने त्याचं ऐकून घेऊन माफी मागणं. दिवाळखोरीच्या कोर्टाकडून तुम्हाला तसं मिळालं नाही. पण तुमच्या जुन्या भागातल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्काऊटच्या स्थानिक शाखेच्या, प्रमुखाला वकिलामार्फत भेटीचं पत्र पाठवायला काही हरकत नाही. नकार आला तर काय वाटेल, हे आधी तुमच्या थेरपिस्टशी बोलून घ्या आणि मगच पाठवा.

प्रश्न : लग्नाला बारा वर्षं झाली. नवऱ्याने आत्ता सांगितलं की लहानपणी एका शिबिरात त्याच्यावर अत्याचार झाला होता. मी काय बोलू?

“मला सांगितलंस, बरं केलंस” एवढं पुरे. “तेव्हाच का नाही बोललास” हे विचारू नका. सासूबाईंना, भावाला त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. कोर्टात जायचं की नाही तो ठरवेल. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही फोन करा.

प्रश्न : मी १९ वर्षांची. पंधराव्या वर्षी साहस शिबिरात अत्याचार झाला. खटला चालू आहे, गेल्या वर्षी अंतरिम भरपाई मंजूर झाली. मामा म्हणतो, “पैशासाठी केस केली असं लोक बोलतील, परत कर.” पैसे ठेवीत आहेत. मला फिजिओथेरपीचं शिक्षण घ्यायचं आहे.

परत करू नकोस. ही रक्कम कुणी उपकार म्हणून दिलेली नाही. तुझं शिक्षण अडलं, उपचार करावे लागले, हे न्यायाधीशांनी कागदपत्रं बघून मान्य केलं आहे. लोक बोलतील ते पैसे परत केल्यावरही बोलतील.

अल्पवयीन मुलांच्या रकमेचा साधारण ८० टक्के भाग ठेवीत ठेवतात. तो सज्ञान झाल्यावर मिळतो, पण ठेवीला ३ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. शिक्षण किंवा उपचार असं कारण असेल तर आधीही काढता येतो. प्रवेशपत्र आणि कॉलेजचं फीचं पत्रक जोडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दे. परवानगीच्या आदेशाची सहीशिक्क्याची प्रत मिळाली की ती घेऊन बँकेत थेट शाखाधिकाऱ्याच्या केबिनमध्ये जा. पोक्सोच्या पीडितेची ओळख उघड होऊ नये असा कायदा आहे, तेव्हा पैसे कसले हे काउंटरवर चारचौघांत कुणी विचारलं तर उत्तर देऊ नकोस.