गार्टर सापाच्या ताटात काय वाढावं?

प्रश्न : मुलाने दीड वर्षापूर्वी गार्टर साप (उत्तर अमेरिकेतला लहानसा साप) पाळला. गेले चार महिने तो पेट शॉपमधले छोटे गोल्डफिश आणि 'रोझी रेड' मासेच खातोय. आठवडाभरापासून मान वाकडी करतो, मध्येच अंग पिळवटतो, उलटा केला तर उताणाच राहतो. खाणं मात्र सुरू आहे. काय बिघडलं असेल?
– एक पालक, मिसिसागा

उत्तर : आजच पशुवैद्याकडे न्या, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाराच गाठा. ही लक्षणं बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी पडल्याची असू शकतात. संसर्ग झाला किंवा पेटी फार तापली तरी असंच दिसतं, म्हणून काय, किती दिवस खायला घातलं ते डॉक्टरांना नेमकं सांगा. थायमिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर साप सावरू शकतो. उशीर झाला तर मज्जासंस्थेला झालेली इजा कायमची राहू शकते. माणसांच्या गोळ्या कुस्करून घरच्या घरी डोस ठरवू नका.

आता कारण. गोल्डफिश आणि रोझी रेड (हा फॅटहेड मिनोचाच रंगीत प्रकार) यांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं आणि ते थायमिन तोडून टाकतं. माशातलं थायमिन तर जातंच, सोबत खाल्लेल्या इतर अन्नातलंही वाया जातं. एखाद्या वेळी असा मासा पोटात गेला तर बिघडत नाही. महिनोन् महिने तोच घातला की साठा संपतो. फ्रीझरमध्ये ठेवल्याने विकर मरत नाही. उलट गोठलेल्या माशातही ते हळूहळू काम करत राहतं, म्हणून जुनं पाकीट जास्त वाईट. उष्णतेने मात्र ते निकामी होतं : 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 5 मिनिटं. पण हा अडीनडीचा उपाय. मुळात मासाच योग्य निवडावा.

गप्पी चालतात, डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे नगरपालिका पाण्यात सोडतात तेच. मॉली आणि प्लॅटीही चालतात, पण घरच्या टाकीत वाढवलेले, औषधं न घातलेले. बाजारातले तिलापिया, ट्राउट, सॅमन, कॉड चालतील, मात्र मीठ-मसाला न लावलेले. कच्चा मासा आधी उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवा, म्हणजे परजीवी मरतात. अँचोव्ही (छोटा समुद्री मासा) टाळा, त्यातही थायमिनेज असतं. रोहू-कटला गोल्डफिशच्याच कुळातले, तेव्हा देशी दुकानातून आणलेले तेही या कामी नकोत.

प्रश्न : सॅमनचे काटे काढलेले तुकडेच घातले तर पुरे नाही का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : नाही. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं. ते हाडांत असतं. अख्खा गप्पी किंवा उंदराचं पिल्लू गिळलं की हाडं आपोआप पोटात जातात. तुकडेच घालायचे असतील तर डी-3 जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची पूड चिमूटभर भुरभुरा. सॅमन तेलकट असतो, रोज नको. तुकडा बशीत ठेवा. ओल्या माशाला पेटीतला भुसा चिकटतो आणि तोही गिळला जातो.

मोठ्या सापाला आमच्या मते मुख्य अन्न उंदीरच असावा : 7 ते 10 दिवसांतून एकदा, सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा. मध्ये एकदा मासा किंवा गांडुळं. अगदी लहान पिल्लाला दर दोन-तीन दिवसांनी गांडुळाचे 1 ते 2 सेंटिमीटरचे तुकडे.

प्रश्न : कंपोस्टच्या डब्यात लाल गांडुळं ढीगभर आहेत. ती घालू का?
– एक वाचक, सिअ‍ॅटल

उत्तर : नका घालू. ती लाल जात (आयसेनिया फेटिडा) डिवचली की अंगातून उग्र पिवळसर द्रव सोडते. साप ती टाकतो किंवा खाल्ली तर ओकतो. मासेमारीच्या दुकानातले 'नाइटक्रॉलर' (मोठी गांडुळं) घ्या, पण हिरवा रंग दिलेले नकोत. धुऊन माती काढा. खतं-कीटकनाशकं मारलेल्या लॉनमधली गांडुळं मुळीच नकोत.

प्रश्न : आमचा साप उंदराकडे बघतही नाही.
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : त्याला वासावरून अन्न कळतं. गोठवलेली पिंकी (केस न आलेलं पिल्लू) रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात धरा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजते आणि फुटते. मग तिच्यावर गांडूळ किंवा मासा चोळा. तरी नाही घेतली तर बारीक चिरा, एक भाग पिंकी आणि तीन भाग मासा असं मिसळा, आणि दर खेपेला पिंकी थोडी वाढवा. महिना-दीड महिना लागू शकतो. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घेऊ नका. ओकला तर आठवडाभर उपाशी ठेवा आणि पेटीची उबदार बाजू 28 ते 30 अंश आहे ना, ते पाहा.

एका पेटीत दोन साप असतील तर खाऊ घालताना वेगळे करा. एकच गांडूळ दोन्ही टोकांनी धरलं गेलं की मोठा साप गिळत गिळत लहानाच्या तोंडापर्यंत पोचतो आणि तोही आत जातो. नंतर हात साबणाने धुवा, चिमटा आणि बशी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नकोत : साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो.

प्रश्न : विहिरीजवळ दिवड येते. ती पाळून असेच मासे घालता येतील?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दिवड मासे-बेडूकच खाते, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप घरी ठेवता येत नाहीत. तिला विहिरीपाशीच राहू द्या. घरात शिरली तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करा.