गिलियडची मुळे इतिहासात

प्रश्न : ‘द हँडमेड्स टेल’ या मालिकेतील गिलियड या काल्पनिक देशाची धर्मसत्ता स्त्रियांची नावे, वाचनाचा हक्क आणि मुलेही हिरावून घेते. हे सारे निव्वळ कल्पित आहे काय?

उत्तर : नाही. ही मालिका २०१७ साली सुरू झाली. तिचा आधार असलेली मार्गारेट ॲटवुड यांची कादंबरी १९८५ची असून, इतिहासात कोठेही घडले नाही असे काहीही तिच्यात घालायचे नाही, हा नियम लेखिकेने स्वतःला घालून घेतला होता. रुमानियात चाउशेस्कू राजवटीने १९६६ साली गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि पुढे स्त्रियांच्या सक्तीच्या तपासण्याही केल्या. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत कैदेतील मातांची नवजात बालके काढून घेऊन इतरांना देण्यात आली, आणि त्या नातवंडांचा शोध त्यांच्या आज्या अनेक दशके घेत राहिल्या. मालिकेची नायिका जून हिची, हिरावून घेतलेल्या आपल्या मुलीसाठीची तगमग पाहताना मला त्या आज्याच आठवतात. जूनला मिळालेले ‘ऑफ्रेड’ हे नाव म्हणजे केवळ ‘फ्रेडची’; फ्रेड हा तिला ज्याच्या घरी ठेवले आहे तो अधिकारी. लग्नात मुलीचे नावच बदलण्याची प्रथा ज्यांनी घरात पाहिली आहे, त्या मराठी वाचकांना या नावातील वेदना समजावून सांगावी लागणार नाही.