नगरसभेच्या सफाई कामगारांची ड्युटी, नाष्ट्याची सुट्टी आणि आठवड्याची रजा कशी बसवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागातल्या एका नगरसभेत तुम्ही आरोग्य निरीक्षक म्हणून नवीन रुजू झालात. ४६ पौरकार्मिक (सफाई कामगार), झाडलोटीचे ४० हिस्से, एका हिस्स्याला एक माणूस, शिवाय पंपहाऊसवर चार ऑपरेटर. नाष्ट्याची सुट्टी तोंडी चालते, आठवड्याची रजा कुणाला मिळते कुणाला नाही, आणि पौरायुक्तांनी (नगरसभेच्या मुख्य अधिकाऱ्यांनी) नवीन ड्युटी चार्ट मागितलाय. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात माणसं मोजण्यापासून करा, वेळेपासून नको. बहुतेक चार्ट पहिल्याच महिन्यात कोलमडतात, कारण हजेरीपटावरची माणसं रोज येणार असं धरून ते बसवलेले असतात. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक रजा आणि आजारपण, लग्नकार्य, बाकीच्या रजा मिळून साधारण ३० दिवस वजा केले की एका माणसाचे कामाचे २८३ दिवस उरतात. ४६ गुणिले २८३ भागिले ३६५ म्हणजे रोज ३५ ते ३६ माणसं. ४० हिस्से रोज झाडायचे तर ५२ माणसं लागतील. तुमच्याकडे सहा कमी आहेत, आणि ही सहा माणसांची तूट आज कुणाच्या तरी बुडालेल्या रजेतून आणि खाल्लेल्या सुट्टीतून भरून निघते आहे. कामगार कामचुकार आहेत म्हणून रजा देता येत नाही, असं कुणी सांगितलं तर हा हिशेब पुढे ठेवा.

माणसं मिळेपर्यंत हिस्से कमी करा. बसस्टँड, भाजी मार्केट, मुख्य पेठ, शाळा-दवाखान्यांभोवतीचे रस्ते रोजच झाडावे लागतात. पण कॉलनीतले, एक्स्टेन्शनमधले रस्ते दिवसाआड झाडले तरी चालतं, घरचा कचरा तसाही गाडी नेते. ३० हिस्से रोज आणि १० हिस्से दिवसाआड केले की रोजचे ३५ होतात आणि तुमच्या माणसांत बसतात. कोणते दहा, हे नगरसेवकांना आधी दाखवा. नंतर कळलं तर प्रत्येकाचा फोन येतो आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ४० हिस्से झालेले असतात. सरकारचं प्रमाण ७०० लोकसंख्येमागे एक पौरकार्मिक असं आहे. त्याप्रमाणे किती पदं कमी पडतात ते काढून वाढीव माणसांची मागणी याच फाईलमध्ये घाला.

आता आठवड्याची रजा. सगळ्यांना रविवार द्यायचा म्हटलं की कुणालाच धड मिळत नाही, कारण रविवारी बाजारपेठ बंद नसते. ४६ जण सात दिवसांत वाटा: चार दिवस सात-सात, तीन दिवस सहा-सहा. आठवडी बाजाराचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवस हे सहाच्या यादीत ठेवा. दुसरा दिवस लोक विसरतात, खरा ढीग त्या सकाळी असतो. रविवार सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून रजेचा वार दर तीन महिन्यांनी बदला.

इथे एक चूक हमखास होते. चार्ट सोमवार ते रविवार असा कागद धरून केला आणि एखाद्या बाईची सोमवारची रजा पुढच्या आठवड्यात रविवारी नेली, तर कागदावर दोन्ही आठवड्यांत रजा दिसते, पण ती मध्ये सलग बारा दिवस झाडत असते. दहा दिवसांपेक्षा जास्त सलग काम घेऊ नये, हे किमान वेतनाच्या जुन्या नियमांत आणि कारखाना कायद्यातही होतं. वार बदलताना रजा अलीकडे ओढा: या सोमवारनंतरची रजा लगेच येणाऱ्या रविवारी. मध्ये पाचच दिवस काम होईल, एक रजा लवकर दिली म्हणून नगरसभेचं काही बिघडत नाही.

वेळेबद्दल. सकाळी ६-३० ते दुपारी २-३० अशी सलग आठ तासांची ड्युटी ठेवा, सुट्ट्या त्याच्या आतच. काही ठिकाणी सकाळी ६ ते ११ आणि पुन्हा ३ ते ६ अशी तुकड्यांची ड्युटी चालते. कागदावर तेही आठच तास आहेत, पण बाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होऊन संध्याकाळी सातला संपतो, मधल्या चार तासांत दोनदा पायपीट होते आणि घरी जाऊन स्वयंपाकच होतो, विश्रांती नाही. जुन्या नियमांत सुट्ट्यांसकट कामाचा पसारा १२ तासांच्या आत हवा होता, त्यात ही वेळ बसते. तरी बसवू नका. संध्याकाळी बाजारात माणसं लागतातच, तर सहा-सात जणांची वेगळी दुपारपाळी करा, १ ते ९. बायकांना त्या पाळीत घालायचं तर त्यांना विचारून, आणि रात्री घरी पोचवायची गाडी ठरवून.

आदेशात वेळ अशी फोडून लिहा: ६-३० हजेरी आणि साहित्य, ६-४० ते ९ झाडलोट, ९ ते ९-३० नाष्टा, ९-३० ते ११-४५ काम, मग पंधरा मिनिटं चहा-पाणी, १२ ते २-१० हलकं काम, आणि शेवटची वीस मिनिटं हातपाय धुणं, साहित्य परत देणं. 'सुट्टीचा काळ ड्युटीत धरला जाईल' हे वाक्य आदेशात हवंच. ते नसलं तर पुढचा एखादा अधिकारी अर्धा तास वजा करून ३ वाजेपर्यंत थांबवतो. धुण्याची वीस मिनिटंही सोडू नका, नाहीतर गटारीचे हात तसेच घरी जातात.

नाष्टा नऊलाच का? पेठेतली दुकानं साडेनऊ-दहाच्या सुमारास उघडतात. तोपर्यंत बंद दुकानाच्या पायरीवर बसून डबा खाता येतो. सुट्टी दहाला ठेवली की नेमकं डबा उघडताना शटर वर जातं, मालक काही बोलो न बोलो, बाई उठते, पदराला हात पुसते आणि उभ्यानेच दोन घास खाऊन झाडू उचलते. म्हणून सुट्टीबरोबर जागाही लिहून द्या. प्रत्येक वॉर्डात एक ठिकाण: समुदाय भवन, वॉर्ड ऑफिस, बंद पडलेली अंगणवाडी, देवळाचा मंडप. कामाच्या टोकापासून पाच-सात मिनिटांत पोचता येईल इतकं जवळ. पंधरा मिनिटं जायला आणि पंधरा यायला लागली तर सुट्टी संपलीच. तिथे वीस लिटरचा पाण्याचा कॅन, साबण आणि पिण्याचं पाणी वेगळं. हात धुवायला पाणी नसलेली नाष्ट्याची सुट्टी मी सुट्टी मानत नाही.

संडासाचा प्रश्न चार्टमध्ये येत नाही, पण यायला हवा. झाडलोटीतल्या बायका सकाळी पाणी पीत नाहीत, कारण दुपारपर्यंत जायला जागा नसते. मग लघवीची जळजळ, मूतखडा, उन्हात चक्कर. प्रत्येक हिस्स्यापुढे जवळचं सार्वजनिक शौचालय, ते किती वाजता उघडतं आणि किल्ली कुणाकडे असते, एवढं लिहा. सुलभवाला पैसे मागत असेल तर ओळखपत्रावर मोफत जाता येईल असं लेखी पत्र द्या. यासाठी वेगळी वेळ मोजायची नाही, मुकादमाला विचारायची गरज ठेवायची नाही.

तान्ह्या बाळाच्या आईला, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन जादा सुट्ट्या मिळतात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून ही तरतूद आहे. तिला घराजवळचा हिस्सा द्या, म्हणजे ती खरोखर वापरता येते.

ऋतूप्रमाणे आदेश तीन करा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिला अर्धा-पाऊण तास दिवे असलेल्या गल्लीत काम द्या. हायवे आणि रिंगरोडचा भाग उजेड झाल्यावरच, रिफ्लेक्टर जॅकेट घालून. एप्रिल-मेमध्ये ६ ते २ करा आणि डांबरी रस्त्याचं काम साडेअकराच्या आत संपवा. कलबुर्गी विभागात आणि विजापूर-बागलकोटला सरकार उन्हाळ्यात कचेऱ्यांची वेळ सकाळी ८ ते दीड करतं. बेळगाव जिल्हा त्यात नसतो, म्हणून वरून आदेश येईल अशी वाट बघत बसू नका. पावसाळ्यात मुसळधार असताना झाडणं व्यर्थ असतं. तेव्हा आडोशाला थांबलेला वेळ ड्युटीच आहे हे लिहा. नाले काढायचं काम मात्र जून लागायच्या आत उरकलेलं हवं.

सणाचं ओव्हरटाइम: ठरलेल्या तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या नियमांत होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. अनंत चतुर्दशीला बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तुमच्याकडेही रात्र जातेच. त्या रात्रीची तुकडी आधीच वेगळी काढा, दुपारी त्यांना सोडा, आणि सकाळच्या हजेरीला त्यांना बोलावू नका. शिवजयंतीच्या चित्ररथाचीही तीच पद्धत. बुडालेली साप्ताहिक रजा त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. चार्टमध्ये तारीख टाकूनच काम घ्या, 'नंतर बघू' म्हटलेली रजा मिळत नाही.

पंपहाऊसचं गणित वेगळं. तीन पाळ्या म्हणजे आठवड्याला २१ ड्युट्या, प्रत्येकी सहा धरल्या तर साडेतीन माणसं. चार ऑपरेटर पुरतात, पण एक जण आजारी पडला की दुसऱ्याला सलग सोळा तास काढावे लागतात, म्हणून वॉल्व्हमनपैकी एकाला पंप शिकवून ठेवा. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवा. रात्रपाळी उतरली की मधे रजा देऊनच सकाळपाळी. ऑपरेटरला पंप सोडून जाता येत नाही, तेव्हा त्याचं जेवण ड्युटीवरचंच काम धरा. आणखी एक लक्षात असू द्या: पाणी किंवा सांडपाणी उपसणं ही कारखान्याच्या व्याख्येत उत्पादन प्रक्रिया धरली जाते, त्यामुळे मोठ्या पंपिंग स्टेशनला कारखान्याचे नियम लागू शकतात. पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती हे माप तिथलंच. झाडलोटीला ते थेट लागू नसलं तरी त्याच्या खाली जाऊ नका.

बायोमेट्रिकबद्दल: ब्लीचिंग आणि झाडूने बोटांचे ठसे झिजतात, मशीन नाकारतं आणि बाई गैरहजर ठरते. चेहऱ्याची हजेरी किंवा मुकादमाच्या सहीचं मस्टर जोडीला ठेवा. नाष्ट्याला जाताना-येताना पंच करायला लावू नका, मशीन ऑफिसात असतं आणि सुट्टी रस्त्यात जाते.

आदेश काढण्याआधी २१ दिवसांची लेखी सूचना द्या. कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा बदलताना अशी सूचना द्यावी लागते, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. सरकारी सेवा नियमांखालच्या कायम लोकांना काही वेळा त्यातून सूट असते, तरी सूचना सगळ्यांनाच द्या, संघटनेशी अर्धं भांडण तिथेच मिटतं. आदेश कन्नडमध्ये निघेल. कन्नड वाचता न येणारे बरेच असतात, तर हजेरीच्या वेळी तीन दिवस तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवा आणि वेळा १, २, ३ अशा सगळ्यांना कळणाऱ्या आकड्यांत फलकावर लावा.

शेवटचं काम, आणि ते राहिलं तर बाकीचं अर्धं वाया जातं: कचरागाडीचे ड्रायव्हर आणि लोडर ठेकेदाराचे असतील तर तुमचा आदेश त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांचे तास, नाष्ट्याचा अर्धा तास, आठवड्याची रजा आणि गाडी तपासण्या-धुण्याची वेळ निविदेच्या अटींतच लिहावी लागते. चालू करार कधी संपतो ते आजच बघून ठेवा आणि नव्या निविदेच्या मसुद्यात ही कलमं तुमच्या हाताने घाला.