चालक नसलेल्या गाडीत कोल्हापूरकर बसतील का?

बसतील, पण आधी दुसऱ्याला बसवून बघतील. भीती फक्त इथलीच नाही. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीच्या गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. लक्ष ठेवायला आत माणूस होता, तरीही. आज फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाशिवाय भाडी मारतात. पण तिथं लोक लेन पाळतात हो! आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीत पुढं म्हशी, समोरून उलटा आलेला बुलेटवाला, मागं हॉर्नवरचा हात न काढणारा वडापवाला, म्हणजे शेअर गाडीचा चालक. नियमानं चालणारी गाडी तिथंच उभी राहणार आणि शिव्या खाणार. शिवाय चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं गडकरींनी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आपोआप ब्रेक लागणारी गाडी मात्र लोक आत्ताच पैसे मोजून घेतायत.