एप्रिलमधल्या सरासरीवर जाऊ नकोस

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा बेसबॉल संघावरचा लेख वाचला. हंगाम सुरू होऊन जेमतेम पंधरा सामने झाले आणि तू अख्ख्या फलंदाजीचं श्राद्ध घालून मोकळी झालीस! भाषा झणझणीत आहे, पण पुरावा म्हणून फक्त बॅटिंग ॲव्हरेज (दर संधीमागे किती हिट, म्हणजे फटका मारून किती वेळा बेस गाठला) दिली आहेस. एप्रिलमध्ये सगळ्यात कमी भरवशाचा आकडा तोच. पंधरा सामन्यांत रोज खेळणाऱ्यालाही साठ-पासष्ट वेळाच बॅट हातात मिळते. तीन कडक फटके सरळ फिल्डरच्या हातात गेले, की ०.२६०चा माणूस ०.२१०चा दिसतो.

आधी स्ट्राइकआउट बघ, म्हणजे चेंडू हुकून किंवा सोडून तीन स्ट्राइक झाले की बाद होणं. तिथे नशिबाची लुडबुड कमी, त्यामुळे तो आकडा लवकर स्थिरावतो. मग वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस), आणि मग स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरच्या पिचवर (चेंडूवर) कोण किती बॅट फिरवतं ते. दोन स्ट्राइक झाल्यावर खाली वळणाऱ्या स्लायडरवर जो दर वेळी बॅट घालतो, त्याचं दुखणं खरं. पिचर (चेंडू टाकणाऱ्या) मंडळींना हे कळायला वेळ लागत नाही, आणि मग त्या बिचाऱ्याला धड फास्टबॉल बघायला मिळत नाही. उलट बॅटवरून चेंडू ताशी ९५ मैलांच्या वर सुटतोय आणि तरी हिट पडत नाहीत, अशाबद्दल लिहायची घाई करू नकोस. स्टॅटकास्टवर, म्हणजे मेजर लीगच्या चेंडू मोजणाऱ्या यंत्रणेवर, हे सगळं फुकट बघायला मिळतं. शिवाय एप्रिलची थंड हवा दाट असते, चेंडू कुंपणाच्या अलीकडेच पडतो.

२०२४चा न्यूयॉर्कचा मेट्स संघ आठव. सुरुवातीलाच सलग पाच पराभव, मे सरताना २२ विजय, ३३ पराभव. त्यांचा मुख्य फलंदाज फ्रान्सिस्को लिंडॉर मेच्या मध्यालाही ०.२००च्या घरात. मॅनेजर कार्लोस मेंडोझांनी त्याला खाली ढकललं नाही. उलट लीडऑफला (पहिल्या क्रमांकावर), म्हणजे सगळ्यात जास्त वेळा बॅटिंग मिळते त्या जागी पाठवलं. शेवटी ०.२७३, ३३ होम रन (कुंपणापलीकडचे फटके) आणि एमव्हीपीच्या, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या खालोखाल. पण तिसरा बेस सांभाळणाऱ्या खेळाडूची उणीव खरी होती. तिथे ब्रेट बेटीच्या जागी मार्क व्हिएन्टोस आला आणि त्याने २७ होम रन मारले. संघ ८९ सामने जिंकून नॅशनल लीगच्या (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) अंतिम मालिकेपर्यंत गेला.

त्याच एप्रिलमध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्सचे ३ विजय, २२ पराभव होते. लुईस रॉबर्ट, एलॉय हिमेनेझ, योआन मोंकाडा हे तिघेही पहिल्या दोन आठवड्यांत जायबंदी, आणि मागे त्यांची जागा घेईल असं कुणी नाही. हंगाम संपला ४१-१२१वर. तिथे एप्रिल खरंच बोलला होता, पण सरासरीमुळे नव्हे. डगआउटमध्ये (राखीव खेळाडूंच्या बाकावर) मागे कोण बसलंय ते बघितलं असतं तरी कळलं असतं.

म्हणून तुझ्या लेखातला सहा ते नऊ क्रमांकांच्या फलंदाजांवरचा परिच्छेद वर घे. चौघेही वॉक घेत नाहीत, भरमसाट स्ट्राइकआउट होतात. त्यामुळे पाचव्याला कुणी सरळ पिच टाकत नाही, त्याला वॉक देऊन सहाव्याला गाठतात. खरी बातमी ती आहे आणि तू ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात टाकली आहेस. चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाची खरडपट्टी अर्धी कर. कॅचरला (पिचरचे चेंडू झेलणाऱ्याला) तर वगळच. त्याला संघात घेतलाय तो पिचर सांभाळायला, आणि ते काम तो चोख करतोय.

रविवारपर्यंत पाठव. तक्ते वेगळ्या फाइलमध्ये दे, माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

तुझा,
काका