आठ महिने रियाज बंद आहे, तबल्याचा हात गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की तबल्याची मध्यमा ही परीक्षा पूर्ण झालीये, नोकरी लागल्यापासून आठ महिने तबल्याला हात लागला नाही आणि ओळखीचे एक जण म्हणाले की आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार. साफ चूक आहे हे. आठ महिन्यांत हात जात नाही. तयारी जाते, आणि तयारी परत येते.

एक दिवस रियाज चुकला तर आपल्याला कळतं, दोन दिवस चुकला तर गुरूला, तीन दिवस चुकला तर श्रोत्यांना, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणारच. मला त्या वाक्याचा राग आहे, कारण त्याच्यापायी माझे चौदा महिने गेलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९९६ साल. मी सांगलीला शिकत होते, मध्यमानंतरची विशारद परीक्षा झाली होती आणि गुरुजींनी ठरवलं की आता चिल्ला करायचा, म्हणजे सलग चाळीस दिवसांचा नेमाचा रियाज. जुन्या लोकांसारखं खोलीत कोंडून घेऊन नाही, घरचं सगळं सांभाळून, पण पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ, आणि एकही खाडा नाही, खाडा पडला की मोजणी पुन्हा एकपासून. आम्ही तिघं होतो, त्यात मुलगी मी एकटी. पहिले पंधरा दिवस फार सुंदर गेले हे मी आजही सांगेन. धा तिट धा तिट धाधा तिट धागे तीना कीना, हा दिल्लीचा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची वाढवत न्यायची रचना, आपण सगळेच पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून वाजवतो, तोच तासभर एका लयीत वाजवल्यावर चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, ना इतका सुटा आणि गोल यायला लागला की माझाच मला आनंद व्हायचा.

सतराव्या दिवशी रेला, म्हणजे जलद बोलांची सलग धाव, चालू असताना उजव्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, ठणका लागला. दुसऱ्या दिवशी तिथे बोट ठेवून मनगट हलवलं तर आत काहीतरी करकरतंय असं बोटाला लागायचं, ओला दोर पिळल्यासारखं. मी गुरुजींना म्हटलं, आठ दिवस थांबू का. ते म्हणाले, हात दुखतोय म्हणजे हात बनतोय, आता थांबलीस तर सतरा दिवस पाण्यात. आणि थोरले गुरुबंधू होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते बाहेर चपला घालताना म्हणाले, "मुलींचा हात इथवरच येतो गं, मनाला लावून नको घेऊस."

झालं, ते मी मनाला लावून घेतलं आणि पुढचे बावीस दिवस पूर्ण केले. रात्री हळद-तेलाची पट्टी, पहाटे पाचला परत बसायचं. चाळीसाव्या दिवशी पेढे वाटले. त्यानंतर तीन आठवड्यांनी कुलपात किल्ली फिरवता येईना, लाटणं धरलं की मनगटातून वीज गेल्यासारखं व्हायचं, एकदा दुधाचं पातेलं हातातून सुटलं. मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, ते म्हणाले स्नायू हाडाला जोडणाऱ्या ज्या दोऱ्या असतात त्यांच्या आवरणाला सूज आहे, मनगटाला आधारपट्टी, सहा आठवडे तबला पूर्ण बंद. सहा आठवडे मी पाळले. आणि बेचाळिसाव्या दिवशी, इथे चूक सर्वस्वी माझी, मी पहिल्याच बैठकीत दोन तास वाजवलं, तेही चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, आणि तळव्याने वाजवायच्या धिरधिर ह्या जलद बोलासकट. दादांना दाखवायचं होतं. आठवड्याच्या आत सगळं परत पहिल्यासारखं, किंबहुना जास्त. तेव्हापासून धरलं तर एकूण चौदा महिने.

आठ दिवस मागितले होते, ते मिळाले असते तर चौदा महिने गेले नसते, एवढंच मला गेली अठ्ठावीस-तीस वर्षं म्हणायचंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. चौदा महिन्यांनी गवसणी काढली तेव्हा नेमकं काय झालं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. पावसाळा होता, डग्ग्याची पुडी सादळलेली, भदभद आवाज, काळी एकचा तबला पार उतरलेला. हातोडीने गट्टे ठोकून चढवला, गजऱ्यावर चारी बाजूंनी ठोकून सुरात आणला, ह्यातच अर्धा तास गेला. मग त्रितालाचा साधा ठेका. ठेका जागच्या जागी होता. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे शोधावं लागलं नाही, खाली, म्हणजे टाळी न देता हात हलवून दाखवायची मात्रा, आपोआप आली, डाव्या हाताची घीस, म्हणजे डग्ग्यावर तळवा घासून काढलेला आवाज, तीही बऱ्यापैकी होती. कायदा दुगुनीत नीट गेला. चौगुनीत तिरकिटचा पार चिखल झाला, पाच मिनिटांत कोपरापासून खाली हात भरून आला. धिरधिर तर तळव्याची कड आणि बोटं यांचा मेळच बसेना. दोन लांब गती, म्हणजे पाठ केलेल्या बांधीव रचना, मध्येच तुटल्या, पुढचा बोल आठवेना, पण गंमत अशी की आठवायचं सोडून नुसतं वाजवत गेले की हात स्वतःच पुढे जायचा.

म्हणजे काय जातं तर दम, वेग आणि सफाई, ह्याच क्रमाने. लय आणि निकासाची, म्हणजे बोल हातातून कसा काढायचा त्याची, समज सहसा जात नाही. कारण साधं आहे, बोल वाजवायचं कसब डोक्यात बसलेलं असतं, सायकल चालवण्यासारखं, आणि दम स्नायूंचा असतो, तो काही आठवड्यांत उतरतो. पण एक महत्त्वाची गोष्ट कोणी सांगत नाही. परत सुरू केल्यावर स्नायू लवकर तयार होतात, त्या दोऱ्या फार सावकाश तयार होतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात म्हणतो आता मारा चौगुन, आणि नेमकं तिथेच दुखणं लागतं. माझं तेच झालं. दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते, पंधरा मिनिटांनी सुरुवात केली, दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवली, पहिला महिना धिरधिर आणि रेला वर्ज्य. जुना वेग यायला दोन-अडीच महिने लागले, धिरधिर पूर्वीसारखं व्हायला चार. तुमचे आठ महिनेच आहेत आणि हाताला इजा नाही, तुम्हाला ह्यापेक्षा कमीच लागतील.

आणखी एक. त्या चौदा महिन्यांत माझं नुकसानच झालं असं नाहीये. हात बंद होता, तोंड बंद नव्हतं. रोज संध्याकाळी डाव्या हाताने मांडीवर टाळी-खाली धरून अर्धा तास पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, करायचे. रूपक तालात सम खालीच्या मात्रेवरच येते म्हणून मला त्यातल्या तिहाया, म्हणजे तीनदा म्हणून समेवर यायचे तुकडे, कायम फसवायच्या, त्या बसल्या बसल्या मोजून मोजून पक्क्या केल्या. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, आणि उरलेला आठवडाभर तबलावादक अहमदजान थिरकवा खाँसाहेबांची एक कॅसेट, तीच तीच. एरवी आपण ऐकताना सारखे हात चालवत असतो, मला चालवता येत नव्हते म्हणून मी पहिल्यांदा नीट ऐकलं, ते पेशकारात, म्हणजे सुरुवातीच्या संथ रचनेत, दोन बोलांच्या मध्ये किती जागा सोडतात ते. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे ज्यांनी साथ केली त्यांचा हात, त्यात घाई कुठेच नाही. मी परत सुरू केल्यावर माझा पेशकार बदलला होता, हे गुरुजी स्वतः म्हणाले. शिवाय वेग वाढला की उजवा खांदा उचलायची जी सवय पाच वर्षं जात नव्हती ती गेली, कारण चौदा महिने ती कोणी गिरवली नव्हती.

गायक कुमार गंधर्वांचं उदाहरण सगळे देतात. क्षयामुळे त्यांचं गाणं बंद झालं, १९४८च्या सुमारास ते देवासला गेले आणि जवळपास पाच वर्षांनी परत गायला लागले. पण मधल्या काळात ते अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं ऐकत होते, विचार करत होते, तो खाडा नव्हताच. आपल्यात आणि त्यांच्यात तुलना नाही, मला ते माहितीये. मुद्दा एवढाच की न वाजवणं आणि सोडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादा अजूनही गुरुपौर्णिमेला भेटले की चार लोकांत म्हणतात, "हिने मधेच सोडला होता ना." नाही दादा, मी सोडला नव्हता. मला दुखापत झाली होती आणि ती मला वेळेवर थांबू न दिल्यामुळे झाली होती. मुलगी असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, बरोबरच्या तिसऱ्याचा अंगठाही त्याच वर्षी धरला होता, तो मुलगा होता, त्याने कुणाला सांगितलं नाही एवढंच. गुरुजींवर माझा राग नाही, त्यांना त्यांच्या गुरूंनी तेच सांगितलं होतं. पण आज मी शिकवते, माझ्याकडे अकरा मुलं-मुली आहेत, आणि आठवड्यातला एक दिवस तबला झाकून ठेवायचा हा माझ्या क्लासचा नियम आहे. पालकांना पटत नाही. रात्री दहा वेळा अडलेला पलटा, म्हणजे कायद्याचा बदललेला प्रकार, झोपून उठल्यावर सकाळी सरळ जातो हा अनुभव प्रत्येकाला असतो, तरी विश्रांती म्हटलं की लोकांना आळसच दिसतो.

हे सगळं तबल्याचं सांगतेय बरं का. सतार-व्हायोलिनवाल्यांच्या बोटांचे घट्टे मऊ पडतात, तार रुतते, त्यांचे पहिले दिवस जास्त त्रासाचे. बासरीची फुंकही लवकर बिघडते असं माझी बासरी वाजवणारी मैत्रीण म्हणते. आणि अगदी लहान, वर्षभरच शिकलेलं पोर असेल तर त्याचा निकास अजून बसलेला नसतो, तिथे आठ महिने म्हणजे खरोखर बरंच मागे जाणं आहे. तुम्ही मध्यमा पूर्ण, तुम्हाला हे लागू नाही.

ह्या रविवारी तबला उघडा. आधी पुडी आणि वाद्या बघा, शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला, तडा असेल, बोल खरखरत असेल तर वाजवत बसू नका, दुरुस्तीला द्या, नाहीतर दोष तबल्याचा आणि तुम्हाला वाटेल हात गेला. मग लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती धून, लावून त्रिताल, दादरा, केहरवा, पंधरा मिनिटं, बास. महिनाभर कुणाच्या साथीला हो म्हणू नका. आणि तुम्ही नोकरीत दिवसभर कीबोर्डवर असाल आणि मनगट किंवा करंगळी आधीच बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर मी डॉक्टर नाही, आधी त्यांना दाखवा आणि तोवर नुसती पढंत करा.