बाबांना सोप्यावर मुलं दिसतात, पण चाचणीत ३० पैकी २५ गुण. लेवी बॉडी डिमेन्शिया ओळखायचा कसा?

२५ गुण आले म्हणून 'वयोमानाने होतं' असं सांगितलं गेलं, हे तुम्ही लिहिलंय. लेवी बॉडी डिमेन्शिया हा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. त्यात स्मृतीच्या चाचणीतल्या गुणांच्या बेरजेवर जाऊ नका. सुरुवातीला आठवण बरीच शाबूत राहू शकते. आधी ढासळतं ते लक्ष, नियोजन आणि आकार-अंतराचा अंदाज. बाबांनी घड्याळ आणि एकमेकांत गुंतलेले पंचकोन कसे काढले, तो कागद मागून घेऊन बघा. शिवाय घरी कोंकणी बोलणाऱ्या, पण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची चाचणी मराठीतच व्हायला हवी.

डॉक्टर या आजाराच्या निदानासाठी वापरतात त्या २०१७च्या निकषांत मुख्य लक्षणं चार आहेत: शुद्धीत आणि लक्षात होणारे चढउतार, वारंवार दिसणारी स्पष्ट माणसं किंवा जनावरं, झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडणं-ओरडणं, आणि पार्किन्सनसारखा मंदपणा, ताठरपणा किंवा कंप. स्मृतिभ्रंशासोबत यांतली दोन असली की निदान 'संभाव्य' (प्रोबेबल, म्हणजे बहुधा हाच आजार) ठरतं, ते महागड्या स्कॅनवाचून अडून राहत नाही. एकच असेल तर मेंदूतल्या डोपामिनचं स्कॅन किंवा रात्रभराची झोप-तपासणी उपयोगी पडते.

खरी चूक विचारण्यात होते. 'भास होतात का?' असं बाबांसमोर विचारलं, की उत्तर 'नाही' येतं. बाबांना देवचार (राखणदार भूत) दिसला असं समजून घरातलं कुणी गप्प बसलेलं असतं. आईला वेगळं घेऊन विचारा: घरात नसलेलं कुणी त्यांना दिसतं का? दिवसा दोन तासांहून जास्त झोपतात का? बराच वेळ शून्यात बघत बसतात का? बोलणं मध्येच विस्कळीत होतं का? झोपेतली हाणामारी तर विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असू शकते. दोघं वेगळ्या खोलीत झोपत असतील तर ती कुणाला कळतही नाही. दोन आठवडे वेळेसकट टिपण ठेवा, जमलं तर मोबाइलवर चित्रीकरण करा.

पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगाच. सोडियम, बी-१२, थायरॉइड, लघवीतला संसर्ग आणि मोतीबिंदू हेही तपासून घ्या. लघवीच्या किंवा कंपाच्या काही गोळ्यांनीही भ्रम वाढतो, म्हणून सगळी औषधं पिशवीत घालून न्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजी, म्हणजे मेंदूविकार विभाग आहे, तिथे हे टिपण दाखवा.

आणि आजपासूनच फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: 'लेवी बॉडीची शंका, हॅलोपेरिडॉल देऊ नये.' रात्री बाबा बिथरले म्हणून कॅज्युअल्टीत शांत करायला हे इंजेक्शन दिलं जाऊ शकतं, आणि या आजारात त्याने अंग लाकडासारखं ताठरतं, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो. भास त्रासदायक नसतील तर औषधाची घाई नको. लागलंच तर रिवास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या औषधांबद्दल आधी विचारा. ते सुरू करण्यापूर्वी नाडी आणि ईसीजी बघायला लावा.